ठेंगण्या गाडीचा भोंगा

पडोलीच्या चौकात एकदा तरी अडकल्याशिवाय चंद्रपूरचा माणूस पूर्ण होत नाही. एकीकडून नागपूर, दुसरीकडून घुग्घुस, आणि दोन्हीकडून कोळशाचे ट्रक. त्या दिवशी माझ्या उजवीकडे एक दहाचाकी उभा होता. सिग्नल सुटला आणि त्याने सरळ डावीकडे वळायला घेतलं, म्हणजे माझ्या अंगावरच. मी मान वळवली तर समोर फक्त त्याच्या मागच्या चाकाचे नट. मोजता आले असते इतके जवळ. मी हॉर्न दाबला.

हॉर्न म्हणाला, "पीं."

मग ब्रेक दाबला म्हणून आज हे लिहितोय. ट्रकवाल्याला काही कळलंच नाही. तो वळून गेला, आणि गेलेल्या माणसावर रागावणार तरी कसं? त्याने मला पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. त्याच्या लेखी मी नव्हतोच.

आता गाडीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा कुठला शहाणा ट्रकच्या चाकाच्या उंचीवर बसून फिरतो. माझ्याकडे एक जुनी सॅन स्टॉर्म आहे. नव्वदचं दशक संपताना गोव्यात बनायला लागलेली ही दोन माणसांची, कापडी छपराची छोटी स्पोर्ट्स कार. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, आणि बॉडी पत्र्याची नाही तर फायबरग्लासची. (हे फायबरग्लास लक्षात ठेवा, पुढे त्यानेच रडवलंय.) फार थोड्या बनल्या आणि त्यातली एक फिरत फिरत माझ्याकडे आली. चंद्रपुरात लोक विचारतात, "इम्पोर्टेड आहे का?" मी "हो, गोव्याहून" म्हणतो.

बायकोचं मत स्पष्ट आहे. "अहो, ही गाडी नव्हे, चाकं लावलेली सतरंजी आहे." बसायचं म्हणजे खाली उतरायचं, आणि उठायचं म्हणजे गुडघ्यांना विचारून. पण चालवायला लागलात की रस्ता तळहातावर घेतल्यासारखा वाटतो. ते सुख शब्दात सांगता येत नाही, म्हणून सांगत नाही.

आधीच्या मालकाने मूळचा हॉर्न काढून कुठला तरी स्कूटरचा लावून ठेवला होता. पडोलीच्या प्रसंगानंतर ठरवलं, आता मोठा भोंगा लावायचा.

इथे माझं पहिलं मत सांगून टाकतो. एरवी मी हॉर्नविरोधी माणूस आहे. सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागून पॅं पॅं करणाऱ्यांना काय करावं याबद्दल माझे विचार छापण्याजोगे नाहीत. ३० एप्रिल २०१५ ला महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ट्रकमागच्या 'हॉर्न ओके प्लीज'वर बंदी आणली तेव्हा मला आनंदच झाला होता. पण ठेंगण्या गाडीचा हॉर्न ही वेगळी गोष्ट आहे. उंच गाडी दिसते. तिला हॉर्न नसला तरी ती आहे हे कळतं. ठेंगणी गाडी आरशाच्या खाली, बोनेटच्या खाली, कधी कधी ट्रकच्या डाल्याच्याही खाली हरवते. तिला उंची नाही, तेव्हा आवाज हीच तिची उंची. आणि आमच्या दोन जिल्ह्यांत ट्रक कमी होणार नाहीत. इकडे कोळसा, सिमेंट आणि वीजकेंद्राची राख. तिकडे गडचिरोलीत २०२१ नंतर सुरजागडचं लोहखनिज जोरात बाहेर पडू लागलं, तेव्हापासून आलापल्ली ते आष्टी या रस्त्यावर कोणाचं राज्य आहे ते तिथे एकदा जाऊन आलेल्याला विचारा.

तर भोंग्याची खरेदी.

दुकानात तीन जाती मिळतात. एक तबकडीचा, चपटा, ज्याला डिस्क म्हणतात. आवाज कोरडा आणि टोकदार. दुसरा गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला. याला आमच्याकडे सगळे 'विंडटोन' म्हणतात. आत पडदा तसाच थरथरतो, पण आवाज त्या वळणातून फिरून भरदार होऊन बाहेर पडतो. तिसरा प्रेशर हॉर्न, हवेचा, कॉम्प्रेसरवाला. दुकानदार पोराने तोच पुढे केला. "साहेब, हा लावा, हत्ती पळून जाईल." (हत्तीचं पुढे येतंय.)

प्रेशर हॉर्न मी घेतला नाही. एक तर तो बेकायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११९ वा नियम सांगतो की एकामागून एक वेगळे सूर काढणारा, कर्कश, किंचाळणारा, दचकवणारा हॉर्न चालणार नाही. नितीन गडकरींनी ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिकला हॉर्नमधून बासरी आणि तबला वाजावा अशी कल्पना मांडली होती. पडोलीच्या चौकात पन्नास ट्रकांतून एकदम तबला वाजू लागला तर काय होईल, या विचाराने मी पुढे बरेच दिवस हसत होतो. असो. दुसरं कारण, कॉम्प्रेसर ठेवायला माझ्या गाडीच्या नाकात जागाच नाही.

आता डेसिबल. खोक्यावर मोठ्या अक्षरात ११८ लिहिलेलं असतं आणि आपण खूश होतो. पण किती अंतरावरून मोजले ते बारीक अक्षरात असतं. माझ्या खोक्यावर २ मीटर होतं. नियमाला हवा असतो गाडीवर बसवल्यानंतरचा, ७ मीटरवरचा आवाज, आणि तो ९३ ते ११२ च्या मध्ये हवा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. या हिशेबाने २ मीटरवरचे ११८ हे ७ मीटरवर १०७ च्या आसपास भरतात. म्हणजे कायद्यात बसूनही भरपूर मोठा हॉर्न मिळतो. प्रेशर हॉर्नची गरज नसते, हौस असते.

आणि नुसता मोठा असून भागत नाही, जाडही हवा. ट्रकच्या केबिनच्या काचा बंद, इंजिन चालू, गाणी चालू, ड्रायव्हरचे कान जमिनीपासून सात-आठ फुटांवर. बारीक, चिरका आवाज काच आणि पत्रा अडवतात. जाड आवाज त्यातून जास्त आत शिरतो. शेजारच्या बंद खोलीतल्या टीव्हीवरचे शब्द कळत नाहीत पण तबल्याचा बायाँ कळतो, तसंच. म्हणून शंखाची जोडी घेतली, एक खर्जातला, साधारण ४०० हर्ट्झचा, आणि एक त्याच्या वरचा, ५०० चा. दोन्ही मिळून जो आवाज होतो तो मोठ्या गाडीचा वाटतो. फसवणूकच म्हणा.

बसवायला मिस्त्रींकडे गेलो. बंगाली कॅम्पच्या बाजूला त्यांचं छोटं दुकान आहे. ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतात, बोलतात कमी. पहिल्या दिवशी मी घाईत होतो, म्हणून त्यांचा पोरगा म्हणाला तसं केलं. पुढच्या बंपरच्या आत फायबरलाच भोक पाडून दोन्ही शंख बोल्टने आवळले आणि जुन्या हॉर्नची वायर जोडली. बटण दाबलं. शांतता.

मिस्त्री आतून चहाचा कप घेऊन आले. बघितलं आणि पोराला म्हणाले, "अर्थ कुठे आहे?"

पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच बॅटरीची एक तार असते. हॉर्न पत्र्याला आवळला की अर्थ आपोआप मिळतो. फायबरमधून वीज जात नाही. शिवाय फायबरवर आवळलेला शंख वाजला की त्याबरोबर अख्खं नाक थरथरतं आणि बोल्टच्या भोवती बारीक चिरा पडतात. (पडल्या. अजून आहेत.)

मग दुसऱ्या दिवशी नीट काम झालं. गाडी स्टँडवर चढवली. बंपरच्या मागे जो लोखंडी आडवा दांडा आहे त्यावर पट्टीने शंख बसवले. हॉर्नबरोबर आलेली ती पातळ पोलादी पट्टीच वापरायची, जाडजूड अँगल लावायचा नाही. पट्टी लवते म्हणून पडदा मोकळा थरथरतो. ताठ अँगलला आवळला की आवाज दबतो. आणि शंख आजूबाजूला कशालाही टेकता कामा नये, बोटभर जागा सगळीकडून हवी.

वायरिंगला रिले घातला. ही जोडी मिळून दहा-बारा अँपियर खाते. जुनी हॉर्नची वायर आणि स्टिअरिंगवरचं बटण हे स्कूटरच्या हॉर्नपुरतंच होतं. थेट जोडलं तर बटणाचे काँटॅक्ट जळतात आणि एक दिवस हॉर्न वाजेनासा होतो, किंवा वाजायचा थांबेनासा होतो. म्हणून जुन्या हॉर्नच्या दोन वायरी रिलेच्या ८५ आणि ८६ नंबरच्या पायांना, बॅटरीपासून जाड वायर फ्यूजमधून ३० ला, आणि ८७ मधून शंखांना. फ्यूज बॅटरीच्या जवळ, २० अँपियरचा. प्रत्येक शंखाची काळी वायर वेगळी ओढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. सगळं मिळून दीड तासाचं काम.

एक चूक तरीही राहिलीच. ठेंगण्या गाडीत शंख कुठेही ठेवा, तो रस्त्याच्या जवळच असतो. रेडिएटरच्या पुढे ठेवता येत नाही, कारण मे २०१९ मध्ये ज्या गावाचा पारा ४८ वर गेला तिथे रेडिएटरची हवा अडवणं म्हणजे आत्महत्या. म्हणून आम्ही एका कडेला ठेवले, आणि जागेच्या मारामारीत एका शंखाचं तोंड वर राहिलं. जूनच्या पहिल्या पावसात त्यात पाणी भरलं. घरी आल्यावर हॉर्न दाबला तर आवाज आला गुळण्या केल्यासारखा. शेजारच्या काकू गच्चीतून विचारत्या झाल्या, "काय झालं रे, तब्येत बरी आहे ना?" शंखाचं तोंड नेहमी खाली आणि थोडं पुढे. हे लिहून ठेवा.

पण हा पाऊस यायच्या आधीच, एप्रिलमध्ये, खरी गोष्ट घडून गेली होती.

नवा हॉर्न लागला की माणूस लहान होतो. मी गडचिरोलीला कामाला निघालो होतो, पहाटेच, ऊन चढायच्या आत वैनगंगा ओलांडावी म्हणून. चंद्रपूर सोडून लोहारा मागे टाकलं की मूलच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जंगल लागतं. रस्ता रिकामा. आणि मी प्रत्येक वळणावर भोंगा वाजवत चाललेलो. कारण होतं का? मनाला सांगायला होतं. वळणापलीकडून ट्रक आला तर? पण खरं कारण हे की आवाज फार सुंदर येत होता. साग पानं गाळून बसलेला, जंगल उघडं, आणि तो खर्जातला आवाज दूरवर जाऊन परत यायचा.

चिचपल्लीच्या पुढे एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, पाणी प्यायला. जंगलातून सात-आठ जण बाहेर आले. बायका जास्त, एक म्हातारे बाबा, दोन पोरं. डोक्यावर मोहाच्या फुलांच्या टोपल्या. पोरं गाडीकडे धावली. त्यातल्या एक मावशी, पन्नाशीच्या असतील, टोपली खाली ठेवून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या,

"भाऊ, मघापासून भोंगा तुमीच वाजवत होते का जी?"

मी जरा अभिमानानेच हो म्हणालो.

"नोका वाजवू जी. तुमचा भोंगा वाजला का आमाले काईच आयकू येत नाई."

मला आधी कळलं नाही. मी म्हणालो, मावशी, आवाजाने जनावर लांब जाईल, तुमच्याच फायद्याचं आहे. त्यावर म्हातारे बाबा हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते असं. मोहफूल वेचायचं म्हणजे वाकायचं, मान खाली. नजर जमिनीवर. तेव्हा राखण करतात ते कान. वांदर खेकसलं, चितळ ओरडलं, पाखरं एकदम गप झाली, की समजायचं वाघ आहे आणि कुठल्या बाजूला आहे. मग सगळ्यांनी एकत्र व्हायचं. भोंगा वाजला की वांदरंही गप आणि पाखरंही गप. आता ती वाघामुळे गप झाली की गाडीमुळे, कसं ओळखायचं? "आन् वाघ काई पडून जात नाई. रस्त्याकडचा आत सरकते. आत कोन हाये? आमीच."

मी त्या जागी उभा राहून काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

हे मी कुठल्या तरी गोड निसर्गप्रेमातून लिहीत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मार्च-एप्रिलमध्ये मोह, मेमध्ये तेंदू. वर्षाची रोकड याच दिवसांत हाताला लागते आणि जंगलात जाण्यावाचून इलाज नसतो. अशा माणसाकडे जी एक गोष्ट आहे, ऐकणं, ती मी माझ्या हौसेसाठी काढून घेत होतो. ११२ डेसिबलची मर्यादा पाळून. पूर्ण कायदेशीर.

माझा एक मित्र आहे, त्याला हे सांगितलं तर तो वाद घालायला लागला. तो म्हणतो, गावकरी स्वतःच डबे वाजवतात, आरोळ्या देतात, मग हॉर्नने काय बिघडतं? बिघडतं. स्वतःच्या आरोळीनंतर माणूस थांबून ऐकतो. आरोळी कधी द्यायची आणि कधी गप राहायचं हे त्याच्या हातात असतं. माझा हॉर्न माझ्या हातात होता. आमच्याकडे दुर्गापूर, पद्मापूरच्या उघड्या खाणींत सुरुंग उडवायच्या आधी भोंगा होतो. त्याचा अर्थ एकच असतो आणि सगळ्यांना माहीत असतो, म्हणून लोक त्याचं ऐकतात. माझ्या वळणावळणावरच्या भोंग्याचा अर्थ काय होता? 'बघा, माझ्याकडे भोंगा आहे.' २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात निष्कारण हॉर्नला पहिल्या वेळी १००० रुपये आणि पुढे २००० रुपये दंड आहे. त्या पहाटे माझे किती झाले असते कोण जाणे.

आणि जनावरांच्या बाबतीत तर हॉर्न बहुतेक वेळा उलटाच पडतो. रात्री चितळांचा कळप रस्ता ओलांडत असेल तर पहिलं गेलं की मागची जाणारच. अशा वेळी हॉर्न दिला की मधलं एखादं बावचळून उलटं फिरतं, नेमकं चाकापुढे. हॉर्न त्याला 'धोका आहे' एवढंच सांगतो, कुठल्या बाजूला पळायचं ते सांगत नाही. दिवे डिम करा, वेग उतरवा, गरज पडली तर थांबा. बंपरवर लावायच्या शिट्ट्या मिळतात, हरणं पळवणाऱ्या म्हणे. परदेशात त्यांची तपासणी झाली तेव्हा फारसा उपयोग दिसला नाही. राहिला हत्ती. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडकडून गडचिरोलीत रानटी हत्तींचा कळप शिरला आणि आमच्या पिढीला पहिल्यांदा कळलं की रस्त्यात हत्ती आडवा येऊ शकतो. त्याला हॉर्न देणाऱ्याने आपली गाडी किती ठेंगणी आहे हे आधी आठवावं. इंजिन बंद, दिवे बंद, लांब थांबणं. दुकानातल्या त्या पोराला हे सांगायचं राहून गेलं.

मग काय, भोंगा काढून टाकला? नाही. इथेच काही लोक माझ्यावर नाराज होतात. पडोली अजून तिथेच आहे, आणि तो दहाचाकीही. ज्या रस्त्यावर ट्रकचं चाक माझ्या खांद्याशी येतं तिथे मला तो आवाज हवाच. पूर्वी काही परदेशी गाड्यांमध्ये दोन हॉर्न असायचे, एक शहरासाठी सौम्य आणि एक मोकळ्या रस्त्यासाठी मोठा, आणि चालवणारा बटणाने निवड करायचा. ती सोय बंद का पडली कळत नाही. माझ्या मते प्रत्येक गाडीला ती हवी, निदान जंगलातून रस्ता जातो अशा जिल्ह्यांत तरी.

मी परत मिस्त्रींकडे गेलो. जुना स्कूटरचा 'पीं' त्यांनी फेकला नव्हता. तो पुन्हा लावला, आणि डॅशबोर्डखाली एक साधा वर-खाली होणारा स्विच बसवला. स्विच रिलेच्या बारीक वायरीवर, जाड वायरीवर नाही, म्हणजे तो तापत नाही. वर केला की शंख, खाली केला की पीं. खर्च, तारांसकट, एका वेळच्या पेट्रोलपेक्षा कमी. मिस्त्रींनी कारण विचारलं. मी मोहवाल्या मावशींचं सांगितलं. ते थोडा वेळ टेस्टर पुसत राहिले. मग म्हणाले, "माझी आईपण जाते, केळझरकडे." आणि पांढऱ्या रंगाचा ब्रश घेऊन स्विचच्या वर लिहिलं 'ट्रक'. खाली काय लिहू विचारलं, तर मलाही सुचलं नाही. ते कोरंच आहे.

आता लोहारा आलं की स्विच खाली करतो. मूल गावात तो खालीच असतो. पुढे ट्रक जमले की वर.

परवा पडोलीला पुन्हा तसंच झालं. ट्रक डावीकडे झुकायला लागला. स्विच वर होता, मी एकदाच दाबला. ट्रक जागच्या जागी थांबला. क्लीनरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मागे एवढी मोठी गाडी कुठली आली म्हणून लांबवर पाहिलं, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि मग ड्रायव्हरला ओरडून म्हणाला, "उस्ताद, नीचे है, नीचे!"